परराज्यातली जुनी गाडी: बयाण्याआधी कराचा हिशेब

वरूडची माणसं बैतूलला, पांढरकवड्याची आदिलाबादला, गोंदियाची बालाघाटला गाडी बघायला जातात. तिथला भाव कमी दिसतो, पण त्यात महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरलेला नसतो.

विक्रीकराची भीती बाळगू नका. 2017 पासून जीएसटी देशभर सारखाच आहे आणि धंदा नसलेल्या दोन खासगी माणसांत जुनी गाडी विकली तर तो लागत नाही. खरा बोजा रोड टॅक्सचाच. 10 लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल कारला 11 टक्के, डिझेलला 13 टक्के. हा कर तुमच्या सौद्याच्या रकमेवर नसतो. गाडीच्या मूळ किमतीवर काढून वयाप्रमाणे कमी करतात. म्हणून विकणाऱ्याकडून शोरूमचं मूळ बिल मागा आणि आकडा आपल्या आरटीओतून काढून आणा. बयाणा त्यानंतर.

आता कागद. आधी गाडीवरचे सगळे ई-चलान भरायला लावा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 घ्या. मग विकणाऱ्यानं त्याच्या आरटीओत फॉर्म 28 भरून गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी काढायची. फॉर्मवर चेसिस नंबरची (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) पेन्सिल प्रिंट, म्हणजे वर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा लागतो. खेड्यातल्या गाडीचा नंबर चिखल-गंजाखाली दबलेला असतो; रॉकेलच्या फडक्यानं पुसा, पॉलिश पेपर मारू नका. आकडे झिजले तर नंबर खोडल्याचा संशय येतो.

एनओसी कोणत्या आरटीओच्या नावे आहे हे नीट वाचा. काटोल, सावनेरकरांना नागपूर ग्रामीण, म्हणजे एमएच-40 लागतं. नुसतं ‘नागपूर’ सांगितलं की शहराचं एमएच-31 पडतं आणि पुन्हा सीमेपलीकडे चक्कर.

इकडे आल्यावर मालकी बदलायचे टीटी फॉर्म (29 आणि 30), नव्या नंबरसाठी फॉर्म 27, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा द्या. मग गाडी तपासणीला न्यायची आणि कर भरायचा. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका.

‘बारा महिने काही होत नाही’ असं गावात सर्रास सांगतात. ती मुदत फक्त नंबर बदलण्याची. मालकी बदलल्याचं 30 दिवसांत कळवावंच लागतं.

तिकडे भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण अर्ज बहुधा जुन्या मालकालाच करावा लागतो. तो पैसा कोणाचा, हे सौद्याच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.