डाँकी काँग खेळायला बसताय? आधी उडी शिका

निन्टेन्डोचा १९८१ चा आर्केड गेम, एक जॉयस्टिक आणि एकच बटण, तरी पहिल्या मिनिटातच तीन लाइफ घालवणारे खूप असतात. कारण आपण सगळे नंतरचे मारिओ गेम खेळलेलो. तिथे हवेत असताना दिशा बदलता येते, इथे नाही येत, एकदा उडी मारली की मारली, जिथे पडायचं तिथेच पडणार. आणि स्वतःच्या उंचीएवढं जरी खाली पडलात तरी खेळ खल्लास!

पहिल्या स्क्रीनवर शिड्या चढत वर पोचायचं, आणि वरून ड्रम गडगडत येतात. धावत सुटू नका, ड्रम अगदी जवळ येऊ द्या आणि मग उडी. शिडी चढायच्या आधी वर बघायचं, कारण ड्रम कधी सरळ जातो कधी शिडीवरून खाली येतो, आणि तुटक्या शिडीवरून तुम्हाला पूर्ण चढता येत नसलं तरी ड्रम बिनधास्त उतरतो. ड्रम फोडायचा हातोडा दिसला की नवीन माणूस हमखास तिकडे पळतो, पण हातोडा हातात असेपर्यंत ना शिडी चढता येते ना उडी मारता येते, वरून टायमर चालूच. पॉइंट हवे असतील तरच घ्या.

लिफ्टवाली स्क्रीन माझ्या मते सगळ्यात बेक्कार आहे. वरच्या मजल्यावर स्प्रिंग टप्पे खात येतात, दोन टप्प्यांच्या मधे उभं राहायला जागा असते, तिथे थांबा, एक डोक्यावरून गेली की पुढे.

शेवटच्या स्क्रीनवर ८ खिळे काढायचे, नुसतं त्यांच्यावरून चालत गेलं तरी निघतात. खिळा निघाला की तिथे भोक पडतं, ते तिथे फिरणाऱ्या, लागले की मारणाऱ्या आगीच्या गोळ्यांना ओलांडता येत नाही पण तुम्ही उडी मारून जाऊ शकता, म्हणजे त्यांना एका बाजूला अडकवून टाकायचं.

खरंतर हा गेम बनला तोच रडार स्कोप या निन्टेन्डोच्याच आधीच्या गेमच्या न खपलेल्या मशीन वापरायला, आणि गेमचा डिझायनर शिगेरू मियामोतोने त्यात जम्पमॅन नावाचा हिरो घातला, जो पुढे मारिओ झाला. त्याआधी १९८० च्या स्पेस पॅनिक या गेममधे मजले होते, शिड्या होत्या, उडी नव्हती. आज कुठल्याही प्लॅटफॉर्म गेममधे खड्डा दिसला की बोट आपोआप उडीच्या बटणावर जातं ना, ते डाँकी काँगमधून आलंय.

लेव्हल २२ पर्यंत पोचलात तर मात्र काहीच करता येत नाही, तिथे गणिताच्या बगमुळे टायमर काही सेकंदात संपतो आणि मारिओ आपोआप मरतो.