काळी पोथी लिहायचीय? मग त्यात कवट्या नकोत

फँटसी कादंबरी किंवा डीअँडडीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, मित्रांनी मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ) कॅम्पेन, म्हणजे त्यातली लांबलचक गोष्ट, लिहिणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं, व्हिलनच्या पंथाचा ग्रंथ लिहायला घेतला की पहिल्याच पानावर रक्त, कवट्या आणि अंधाराचा जयजयकार. अरे पण असली पोथी देव्हाऱ्यात ठेवणार कोण? जो रोज ती वाचतो त्याला ती चांगुलपणाची वाटली पाहिजे, तरच बाहेरच्याला तिची भीती वाटेल.

आधी वाईटाची व्याख्या घ्या. इथे पोथीने कृत्याचं नाव घ्यायचंच नाही, थेट माणसाचं घ्यायचं. चोरी वाईट म्हटलं की पुजाऱ्यालाही ते लागू होतं ना! पण खोऱ्यातली माणसं (समजा, तुमच्या जगात या पंथाला नकोशी असलेली) वाईट म्हटलं की काम झालं, मग ती काहीही करोत. ओवीत लिहिलंत तर अजून मुरतं, उदा.

देई तरी फसवाया देई ।
नेई तरी लुटाया नेई ।
गप्प तरी कपट पोटी राही ।
खोऱ्यातला ॥

आता त्या बिचाऱ्याने करायचं काय? सगळ्या वाटा बंद. आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, १४८६ च्या सुमारास जर्मनीत छापलेलं, चेटकिणी शोधायचं 'मॅलियस मॅलेफिकारम' हे पुस्तक असंच चालतं. त्यात म्हटलंय की खऱ्या चेटकिणीला चौकशीत रडू येत नाही, आणि गाल ओले दिसले तर? तर तिने थुंकी लावून सोंग केलं असेल. बरं, भाषा कुठेही राक्षसी नाही, प्रश्न, आक्षेप, उत्तर असं शांतपणे चाललंय, पुढे खटला कसा चालवायचा तेही आहे, आणि सुरुवातीला पोपचं १४८४ चं फर्मान जोडलंय. हा सरकारी जीआरचा टोन उचला, त्याच्याइतकं थंड काही नाही.

पूर्वग्रहाची मात्र व्याख्याच करू नका. "आम्ही अमक्यांचा द्वेष करतो" असं कुठलीच पोथी लिहीत नाही, ती पाणी कोणी आधी भरायचं, साक्ष कोणाची धरायची नाही, कोणाची सावली पडली तर काय करायचं, असले बारीक नियम देते आणि त्या सगळ्याला शुद्धी म्हणते. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायला नको, मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथेच मनुस्मृती जाळली गेली. म्हणून तुमच्या जगातही ही पोथी जाळणारं, नाहीतर निदान समासात "खोटं" असं लिहून ठेवणारं कोणीतरी हवंच, नाहीतर तिथली सगळी माणसं मठ्ठ वाटतात.

पोथी एकाच हाताची नको. जुन्या अध्यायात खोऱ्यातल्या पाहुण्याला जेवू घातल्याची गोष्ट ठेवा आणि नंतरच्या भाष्यकाराला तिचा अर्थ फिरवू द्या, म्हणजे "जेवू घातले ते परीक्षा घेण्यासाठी" वगैरे. शेवटी फलश्रुती टाका, ही पोथी वाचणाऱ्याच्या घरी धान्य कमी पडणार नाही छाप, कारण बहुतेक लोक तेवढ्यासाठीच वाचत असतात.

एक सांभाळा, खोऱ्यातल्या लोकांना खऱ्या एखाद्या समाजाची बोली, जेवण, टोपी चिकटवू नका, मग तो पूर्वग्रह पोथीचा राहत नाही, तुमचा होतो. आणि त्यांच्यातली एकदोन माणसं तरी साधी, कटकटी, उधारी बुडवणारी दाखवा, सगळेच संत केलेत तर पोथी खोटी ठरवणं फारच सोपं होऊन बसतं.

अख्खी पोथी कादंबरीत ओतू नका, चारपाच ओव्या पुरेत, त्याही आजी तांदूळ निवडता निवडता नातवाला पाठ करून घेतेय अशा जागी. मग ते पान मित्राला वाचायला द्या. दुसऱ्या ओळीतच त्याला व्हिलन दिसला तर परत लिहा, आधी मान डोलावून मग "ए थांब, हे काय लिहिलंय" म्हणत तो मागे गेला तर ठेवा.