नागपूरच्या मे महिन्यात टिकणारी बारमाही फुलझाडं कशी निवडायची

डिसेंबर-जानेवारीत नागपुरातल्या कुठल्याही नर्सरीत जा, पेटुनिया, पॅन्सी, डायँथस सगळं रंगानं भरलेलं असतं आणि लोक गाडीभर कुंड्या घरी नेतात, मग मार्च संपता संपता त्याच कुंड्या रिकाम्या गच्चीच्या कोपऱ्यात पडलेल्या दिसतात. ती झाडं हंगामीच असतात, त्यांचा काही दोष नाही. पण वर्षानुवर्षं टिकणारं फुलझाड पाहिजे असेल तर ते हिवाळ्यात पसंत करूच नका. मे महिन्याच्या शेवटी, नवतपा म्हणजे सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस चालू असताना, संध्याकाळी ऊन उतरलं की आपल्याच भागात एक चक्कर मारा. जुन्या क्वार्टरच्या अंगणात, रस्त्याच्या डिव्हायडरवर, लोकांच्या कंपाउंडवर काय हिरवं उभं आहे, काय चक्क फुललंय ते बघा आणि फोटो काढून ठेवा. नर्सरीतही तेव्हाच जाऊन या, पण हिरव्या जाळीच्या आतली झाडं बघू नका, बाहेर उघड्यावर ठेवलेली बघा. यापेक्षा भरवशाची यादी तुम्हाला कोणी देणार नाही.

हे एवढं जोर देऊन सांगायचं कारण म्हणजे आजकाल ऑनलाइन पिओनी, ट्युलिप, लॅव्हेंडर असं बरंच काही मिळतं आणि त्यावर 'काटक, बारमाही, झोन ३ ते ८' असं लिहिलेलं असतं. ते झोन अमेरिकेच्या शेती खात्याचे आहेत आणि त्यात एकच गोष्ट मोजलेली असते, त्या भागात हिवाळ्यात सरासरी कमीत कमी तापमान किती खाली जातं. उन्हाळ्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. म्हणजे उणे ३० अंशात बर्फाखाली निवांत झोपणारं झाड आपल्या ४५ अंशात काय करेल हे त्या लेबलवरून कळतच नाही. शिवाय अशा झाडांना थंडी नुसती सहन होते असं नाही, ती त्यांना लागतेच. ट्युलिपच्या कांद्याला साधारण १२ ते १६ आठवडे २ ते ९ अंशांची थंडी मिळाली तरच नीट फूल येतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत उतरला होता खरा, पण ती एखाद्या रात्रीची गोष्ट, दुपारी पुन्हा ऊन तापतंच. उलट २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेलेत, आणि ४५ च्या आसपास तर मे महिन्यात कित्येक दिवस असतं. आपल्याला झाड निवडायचंय ते या आकड्यासाठी.

पण नुसता मे बघूनही भागत नाही, कारण खरी गंमत जुलैत होते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इतकी की कोवळी मुळं तुटतात, आणि पावसाळ्यात तीच माती फुगून पाणी धरून बसते, मुळांना हवाच मिळत नाही. मे मध्ये तरलेली कितीतरी झाडं जुलै-ऑगस्टमध्ये मुळं सडून जातात. त्यामुळे प्रत्येक झाडाला दोन प्रश्न विचारायचे, ऊन झेपतं का आणि ओले पाय झेपतात का.

दोन्हीत पास होणारी पहिली मंडळी म्हणजे कण्हेर, तगर आणि देशी लाल जास्वंद. कण्हेर तर हायवेच्या डिव्हायडरवर कोणी पाणी न घालता फुलते, फक्त तिचं पान-फूल-खोड सगळं विषारी आहे, घरात लहान मुलं किंवा गाय-बकरी असेल तर लावू नका, पिवळी बिट्टीही तशीच, तिच्या बिया जास्तच घातक. जास्वंदीत मोठ्या फुलांच्या हायब्रिड जाती दिसायला फार सुंदर, पण उन्हाळ्यात त्या मान टाकतात आणि पिठ्या ढेकूणही त्यांच्यावर आधी चढतो, देशी एकेरी जास्वंद घ्या. पिठ्या दिसला की आधी पाण्याची जोरदार धार मारा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात घोळवून संध्याकाळी फवारा.

बोगनवेल आणि चाफा उन्हाचे राजे, पण साचलेलं पाणी दोघांनाही चालत नाही. यांना अंगणातल्या उंच जागी किंवा मुरूम-वाळू मिसळून वर उचललेल्या वाफ्यात लावा. बोगनवेलीला लोक रोज पाणी घालून राहिले आणि मग म्हणतात नुसती पानंच येतात, तर तिला थोडा ताण बसला की ती जास्त फुलते, जमिनीत रुजलेल्या वेलीचं पाणी हिवाळ्याच्या शेवटी कमी करून बघा. सदाफुली आणि ॲडेनियमसुद्धा याच गटातले, कुंडीत असतील तर झडीच्या दिवसांत छपराखाली सरकवा. ज्या कोपऱ्यात पाणी साचतंच तिथं कर्दळ लावा, ती खूष राहते.

मोगऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात एवढं देणारं दुसरं झाड मला माहीत नाही. त्याला पूर्ण ऊन लागतं, सावलीत ठेवला की पानंच वाढतात. डिसेंबरपासून पाणी तोडत आणा, जानेवारीच्या शेवटी छाटणी करा, बुडाची माती मोकळी करून कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या, आणि मग पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या धरतात आणि बहर उन्हाळाभर चालतो. एकदा बहर ओसरला की हलकी छाटणी केली तर पुन्हा फुटवे येतात.

आणि काही झाडं अशी आहेत की जी कडक मोसमात जमिनीखाली झोपतात. बर्फाळ देशातली बारमाही फुलं हिवाळ्यात करतात तेच ही आपल्याकडे उन्हाळ्यात करतात. रेन लिली, गुलबाक्षी, फुटबॉल लिली, आपल्या विदर्भाच्या जंगलात दिसणारी कळलावी. वरून सगळं वाळलं तरी कंद जिवंत असतो, फुटबॉल लिली तर पानांच्या आधी फूलच वर काढते. तिथं काठी रोवून खूण ठेवा, नाहीतर कोणीतरी जागा रिकामी समजून खणून टाकतं. कळलावीचा कंद विषारी आहे, हाताळल्यावर हात धुवा.

इक्झोरा आणि अनंत यांना मात्र आपल्या जमिनीत विचार करूनच लावा. आपल्याकडच्या मातीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते, त्यामुळे लोह जमिनीत असूनही या झाडांना घेता येत नाही, पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागतं. बोअरच्या जड पाण्यानं ते आणखी वाढतं. हौस असेल तर मोठ्या कुंडीत वेगळी माती करून लावा आणि शक्यतो पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

आता लावायचं कधी. निवड मे मध्ये, लागवड जूनअखेर ते जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस झाले की. म्हणजे पुढचा मे येईपर्यंत मुळांना दहा महिने मिळतात. ओले पाय न झेपणारी झाडं मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, तोही मे मध्येच खणून उन्हात तापू द्या, किडीची अंडी मरतात. शेणखत पूर्ण कुजलेलंच पाहिजे, कच्च्या शेणात मुळं खाणारी हुमणी अळी येते. बाहेरून येणारी रोपं पुष्कळदा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात, तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर मुळं बाहेर पडतच नाहीत, वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना, बाजूंनी हातानं हलकेच मोकळा करा. पश्चिमेच्या भिंतीला चिकटून नवं रोप लावू नका, ती भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली असते.

पहिल्या उन्हाळ्यात बुडाशी तीन-चार इंच सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा अंथरा, खोडापासून चार बोटं लांब, आणि वाळवीसाठी अधूनमधून उचलून बघत जा. पाणी पहाटे द्या, रोज ओंजळभर देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या म्हणजे मुळं खाली जातात. कुंड्यांना हा हिशोब चालत नाही, त्यांना मे मध्ये रोज लागतं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, पण पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच घट्ट होत जातात, ते वारंवार घातलं की पानांच्या कडा करपतात, म्हणून ते अंगण शिंपायला वापरा.

मे अखेर एखादं झाड पूर्ण वाळल्यासारखं दिसलं तरी उपटू नका. नखानं साल जरा खरवडून बघा, आत हिरवं असेल तर वरच्या वाळक्या फांद्या तेवढ्या छाटा आणि जुलैच्या मध्यापर्यंत थांबा, तगर आणि जास्वंद पहिल्या पावसानंतर बुडातून फुटते.