भाड्यासाठी जुनं घर घेताय? आधी लँडलाइनचं बघा
नाशिकात इंदिरानगर, कॉलेज रोड किंवा सिडकोतलं जुनं घर भाड्याने देण्यासाठी घेत असाल, तर लाइट बिल, घरपट्टी, पाणीपट्टीच्या जोडीला एक गोष्ट विचारा: बीएसएनएलचा लँडलाइन चालू आहे का, आणि कुणाच्या नावावर? खरेदीखत झालं म्हणून फोन आपोआप तुमचा होत नाही. कनेक्शन माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही.

सरळ उपाय म्हणजे विकणाऱ्यानेच खरेदीखताआधी तो सरेंडर करावा. अर्ज द्यायचा, शेवटचं बिल भरायचं, कंपनीचा मोडेम असेल तर परत करायचा आणि पोच घ्यायची. पोचेची झेरॉक्स तुम्ही मागून घ्या. थकबाकी वजा जाता डिपॉझिट त्यालाच मिळतं, त्यामुळे सहसा कुणी कुरकुर करत नाही. ०२५३ वाला जुना, पाठ झालेला नंबर कितीही गोड वाटो, भाड्याच्या घरात त्याचं काय करणार?

तुमच्या नावावरचा फोन भाडेकरूला वापरायला तर मुळीच देऊ नका. बिल थकलं तर तगादा तुम्हाला, आणि त्या लाइनवरून काही भानगड झाली तर पोलीसही आधी तुमचंच दार वाजवणार. भाडेकरूने स्वतःच्या कागदपत्रांवर फायबर घ्यावं, घर सोडताना ते बंद केल्याचा पुरावा द्यावा. करारात तसं लिहूनच घ्या. आणि केबल कुठून आत येईल ती जागा तुम्हीच ठरवून द्या, नाहीतर दर नव्या भाडेकरूगणिक भिंतीला नवं भोक.