राज्यातील रोजगाराचा कल कसा वाचावा: कोकणातील वाचकांसाठी

राज्यात काम वाढते आहे की घटते आहे, हे समजून घ्यायचे असेल तर बेरोजगारीच्या एकाच आकड्यावर विसंबून राहू नये. केंद्र सरकारचे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजेच पीएलएफएस, २०१७ पासून सुरू आहे. त्यातील तीन दर नेहमी शेजारी शेजारी मांडावेत: काम करणारे आणि काम शोधणारे मिळून लोकसंख्येत किती आहेत, हे सांगणारा श्रमबल सहभाग दर, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे लोकसंख्येतील प्रमाण, आणि श्रमबलातील किती जणांना काम मिळालेले नाही, हे सांगणारा बेरोजगारी दर. ज्याने कंटाळून काम शोधणेच सोडले, तो श्रमबलातून गळतो आणि बेरोजगारी कमी झाल्यासारखी दिसते. म्हणून दुसरा दर वाढला असेल तरच तिसऱ्याच्या घसरणीला सुधारणा म्हणावे.

कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुंबईला गेलेला चाकरमानी तिथल्या मोजणीत येतो, गावच्या नाही. त्यामुळे गावातील कमी बेरोजगारी हा गावात काम असल्याचा पुरावा ठरत नाही.

त्यानंतर मोजणीचा कालावधी पाहावा. चालू साप्ताहिक स्थितीत मागील सात दिवस विचारात घेतात आणि त्यांत एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो, तर नेहमीच्या स्थितीत मागील वर्षभराचा विचार होतो. मासेमारीबंदीच्या जून-जुलैमध्ये घरी बसलेला आणि काम मिळाले तर करायला तयार असलेला खलाशी पहिल्या पद्धतीत बेरोजगार ठरू शकतो, दुसरीत बहुधा ठरत नाही. एप्रिल ते जूनच्या तिमाहीत आंब्याचा भर हंगाम आणि बंदीचा पहिला महिना एकत्र येतात. पुढच्या तिमाहीत भातलावणी येते आणि ऑगस्टपासून होड्या पुन्हा समुद्रात जातात. यासाठी कोणत्याही तिमाहीची तुलना मागच्या तिमाहीशी न करता मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी करावी. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली आहे, तेव्हा त्याआधीचे आकडे पुढच्या आकड्यांशी सरळ जोडू नयेत.

माझ्या मते सर्वांत बोलकी बाजू कामाच्या प्रकाराची आहे. देशपातळीवर बेरोजगारी दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. पण याच काळात स्वयंरोजगारातील लोकांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला आणि नियमित पगारदारांचा वाटा किंचित घटला. घरच्या बागेत वा दुकानात बिनपगारी हातभार लावणारी सूनही या मोजणीत कामगारच असते. तिचे श्रम मोजले जातात हे योग्यच आहे, परंतु त्यातून घरात पगार येतो असे समजू नये. राज्याचा तक्ता वाचताना स्वयंरोजगार, नियमित पगार आणि रोजंदारी हे तीन वाटे वेगळे उतरवून घ्यावेत.

भविष्य निर्वाह निधीची मासिक सदस्यसंख्या संघटित क्षेत्राचा कल लवकर दाखवते. ती प्रामुख्याने वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती असते आणि पुढे सुधारली जाते, त्यामुळे ताज्या महिन्यावर निष्कर्ष काढू नये. लोटे परशुरामच्या कारखान्यांतील कायम कामगार तिच्यात दिसेल, पण बागायतदाराकडचा हंगामी गडी किंवा तांडेलाच्या हाताखालचा खलाशी दिसणार नाही.

राज्याच्या सरासरीवर मुंबई, ठाणे आणि पुण्याचे वजन फार मोठे आहे. म्हणून तिच्या जोडीला अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची वार्षिक आर्थिक पाहणी आणि आपल्या जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन ठेवावे. सर्वेक्षणाच्या किनारी विभागात मुंबईही मोडते, त्यामुळे त्या विभागाचा आकडा रत्नागिरीचा म्हणून वापरू नये. नोंदवहीत प्रत्येक आकड्यापुढे कोणती स्थिती, कोणता वयोगट, ग्रामीण की शहरी आणि तो कधी प्रसिद्ध झाला हे लिहावे. सुधारित आकडा आल्यास जुना न खोडता त्याच्या खाली नवा नोंदवावा.