बायसनच्या कळपात काम शिकायचे असेल तर : एका पशुवैद्यकाचे अनुभव

शिरवळच्या महाविद्यालयातून पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात कुरण व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला, तेव्हा त्यात ‘आमच्या राधानगरीच्या जंगलातही बायसन आहेत’ असे मोठ्या उत्साहाने लिहिले होते. मुलाखतीत प्राध्यापकांनी सौम्यपणे सांगितले की, तुमचा गवा हा गाय-बैलांच्या कुळातला आणि आमचा बायसन वेगळ्या शाखेतला. आपल्याकडे गव्याला ‘इंडियन बायसन’ म्हणण्याची सवय इतकी रुळलेली आहे की, या वाटेने येणाऱ्याने हा फरक प्रथमच मनात पक्का करून घ्यावा. गवा दाट जंगलात लहान कळपांनी राहतो. बायसन उघड्या गवताळ मैदानावरचा आहे आणि कळप, गवत, कुंपण या तीन गोष्टींखेरीज त्याचा विचारच करता येत नाही.

येथे येणारे बहुतेक विद्यार्थी वन्यजीवांच्या ओढीने येतात आणि रँचवर, म्हणजे मोठ्या खासगी कुरणांवर, गुरे पाळणाऱ्यांकडे विरोधी पक्ष म्हणून पाहतात. मीही तसाच आलो होतो. इतिहास वाचल्यावर ती समजूत टिकत नाही. कोट्यवधींच्या संख्येने असलेला हा प्राणी १८८०च्या दशकाच्या अखेरीस हजाराच्याही खाली आला, आणि जे थोडे वाचले त्यांतले बरेच खासगी रँचवर वाचले. टेक्सासमध्ये मेरी अ‍ॅन गुडनाइट यांनी आग्रह धरला म्हणून त्यांचे पती चार्ल्स यांनी अनाथ वासरे सांभाळली. मोंटानात मिशेल पाब्लो आणि चार्ल्स अ‍ॅलार्ड यांनी कळप वाढवला. साउथ डकोटात स्कॉटी फिलिप यांच्या रँचवरून १९१४ मध्ये ३६ जनावरे घेऊन आजच्या कस्टर स्टेट पार्कचा कळप उभा राहिला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९०२ साली जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते, आणि तेथेही अ‍ॅलार्ड व गुडनाइट यांच्या कळपांतून २१ जनावरे आणावी लागली. ज्याला आज आपण ‘रानटी कळप’ म्हणतो, त्याच्या रक्तात रँचचा वाटा आहे. गायींशी झालेल्या संकराच्या खुणा जनुकांत सापडतात त्याही याच काळातल्या, आणि या क्षेत्रात त्यावर आजही गंभीर चर्चा चालते.

पशुवैद्यकाला सर्वांत जवळचा विषय म्हणजे ब्रुसेलोसिस, ज्याला आपण सांसर्गिक गर्भपात म्हणतो. यलोस्टोनच्या बायसनमध्ये तो प्रथम १९१७ साली आढळला आणि गुरांकडूनच तेथे पोहोचला असे मानले जाते. आज तेथील निम्म्याहून अधिक प्रौढ माद्यांच्या रक्तात या रोगाची प्रतिपिंडे आढळतात. हिवाळ्यात बर्फाखालचे गवत मिळेनासे झाले की हा कळप उद्यानाची हद्द ओलांडून मोंटानातील सखल भागाकडे उतरतो, आणि तेथूनच वाद सुरू होतो. सन २००० मध्ये संघराज्याच्या व मोंटानाच्या संस्थांनी एकत्रित व्यवस्थापन आराखडा मान्य केला. तरीही २००७-०८ च्या एका हिवाळ्यात दीड हजारांहून अधिक बायसन कळपातून कमी करण्यात आले. मोकळ्या परिस्थितीत बायसनकडून गुरांना रोग गेल्याची नोंद नाही. अलीकडच्या काळात त्या परिसरात गुरांना झालेल्या लागणीचा माग एल्क या हरणांपर्यंत पोहोचतो. हे वाचून रँचवाल्यांची भीती निराधार ठरवण्याचा मोह होतो. मात्र २००८ मध्ये मोंटानाचा ब्रुसेलोसिसमुक्त दर्जा गेला तेव्हा गुरांची दुसऱ्या राज्यांत विक्री करणे सबंध राज्याला किती जड झाले, हे तिथल्या जुन्या पशुपालकांनी मला समोर बसवून सांगितले आहे. त्यांचे म्हणणे ऐकून न घेता या विषयावर मत बनवणे मला आता अन्यायाचे वाटते.

याच ठिकाणी आपल्या शिक्षणाचा खरा उपयोग होतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची एस-१९ लस टोचत गावोगाव फिरलेला विद्यार्थी ही जिवंत लस स्वतःच्या बोटात गेली तर काय होते हे जाणतो. अमेरिकेत आता आरबी-५१ ही लस वापरतात, कारण ती दिल्यावर नेहमीच्या रक्तचाचणीत जनावर चुकून बाधित दिसत नाही. हा फरक समजावून सांगता आला, तर मुलाखतीत तुमची बाजू भक्कम होते. प्रजननशास्त्रात रस असणाऱ्यांनी कोलोराडो स्टेट विद्यापीठाचे काम जरूर पाहावे. यलोस्टोनच्या वंशाचे भ्रूण धुऊन रोगमुक्त करून तेथे नवा कळप तयार करण्यात आला, आणि तो २०१५ मध्ये मैदानात सोडण्यात आला.

आता प्रत्यक्ष हाताळणीबद्दल. गोठ्यातल्या गायीच्या सवयीने बायसनकडे जाऊ नये. नऊशे किलोपर्यंत वजनाचा नर ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने धावतो, आणि शेपटी ताठ उभी झाली की मागे सरकण्याची वेळ झालेली असते. पहिल्या शरद ऋतूत एका रँचवर जनावरे खोड्याकडे नेताना मी वाटेच्या तोंडाशी, त्यांना स्पष्ट दिसेल असा उभा राहिलो. कळप थबकला, उलटा फिरला, आणि त्या गडबडीत एका तरुण मादीचे शिंग मोडले. रँचचे वयस्क मालक मला रागावले नाहीत. त्यांनी मला दोन दिवस कुंपणाबाहेर उभे करून फक्त पाहायला लावले. जनावर कोणत्या अंतरावर मान वळवते, खांद्याच्या पुढे उभे राहिले तर थांबते आणि मागे उभे राहिले तर चालू लागते, एकटे पडलेले बायसन सर्वांत घाबरलेले आणि म्हणून सर्वांत धोकादायक कसे असते, हे मी त्या दोन दिवसांत शिकलो. आपल्याकडचा धनगर मेंढरांच्या बाजूने जसा न बोलता चालतो, तसेच हे आहे. आरडाओरडा, काठी, घाई यांना येथे जागा नाही.

गवताची ओळख हा दुसरा मोठा भाग आहे. ब्लू ग्रामा, बफेलो ग्रास, वेस्टर्न व्हीटग्रास ही नुसती नावे पाठ करून भागत नाही; चरून गेलेल्या खोडक्यावरून गवत ओळखता आले पाहिजे, कारण कुरणात किती जनावरे किती महिने सोडायची हा निर्णय त्यावरच होतो.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. भारतीय पदवीवर अमेरिकेत पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येत नाही. त्यासाठी वेगळी समकक्षता परीक्षा आणि राज्याचा परवाना लागतो. संशोधनाला मात्र ही अट आड येत नाही. राष्ट्रीय उद्यानांसारख्या संघराज्याच्या खात्यांतील नोकऱ्या बहुतांशी नागरिकांसाठीच असतात, म्हणून विद्यापीठे, संवर्धन संस्था, खासगी रँच आणि आदिवासी राष्ट्रांचे (अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातींचे) प्रकल्प यांकडे लक्ष ठेवावे.

या शेवटच्या नावाकडे नवखे विद्यार्थी फार कमी पाहतात, याचे मला वाईट वाटते. यलोस्टोनमधील रोगमुक्त ठरलेली शेकडो जनावरे मारली न जाता मोंटानातील फोर्ट पेक या आदिवासी राखीव क्षेत्रात आणि तेथून इतर आदिवासी भूमींवर पोहोचली आहेत, आणि मोंटानातील १९०८ चे नॅशनल बायसन रेंज आता सेलिश व कूटेनाई जमातींकडे परत आले आहे. ज्यांचे जगणेच बायसनवर उभे होते, त्यांच्याबरोबर काम करायला मिळणे ही मी मोठी संधी मानतो. तेथे जाताना आधी विचारावे, बोलावल्यावर जावे, आणि कळपाजवळ त्यांचे विधी चालू असतील तर वही बाजूला ठेवावी.

शक्य असल्यास सप्टेंबरच्या आधी पोहोचा. कस्टर स्टेट पार्कमध्ये त्या महिन्याच्या अखेरीस हजाराहून अधिक बायसन घोड्यांवरून हाकून आणतात, तपासतात, वासरांना लस देतात आणि जास्तीची जनावरे विक्रीसाठी वेगळी काढतात. पहिल्या वर्षी ते कुंपणाबाहेरून पाहावे. पुढच्या वर्षीच्या कामासाठी मात्र हिवाळ्यातच विचारणा करावी, आणि चांगले लोकरी हातमोजे घरून न आणता तेथेच विकत घ्यावेत.