मंडपात, गॅदरिंगला विज्ञानाचे प्रयोग दाखवायचे असतील तर

हे काम धरायचं असेल तर साहित्य गोळा करायच्या आधी एक सवय लावून घ्या, प्रत्येक प्रयोगाआधी लोकांना विचारायचं, आता काय होईल सांगा बघू. हात वर करायला लावा. ज्यानं अंदाज सांगितला तो जागचा हलत नाही आणि अंदाज चुकला की "असं कसं?" त्याच्याच तोंडातून येतं. नुसता धूर नि फेस दाखवून टाळ्या मिळतात, पण पोरगं घरी जाऊन काय सांगणार?

सुरुवात कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅननं करा. दोन चमचे पाणी घालून उकळा, वाफ जोरात यायला लागली की चिमट्यानं धरून थंड पाण्यात उपडा घाला, फाटकन चेपतो. लगेच कारण सांगू नका, लोकांना भांडू दे जरा. मग सांगा की आतल्या वाफेचं पाणी झालं, आत दाब राहिला नाही, म्हणून बाहेरच्या हवेनं चेपला, आणि ही हवा समुद्राकाठी दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलोएवढी दाबते. बेळगाव 750 मीटरच्या आसपास उंचीवर आहे म्हणून इथं थोडं कमी, पाणीसुद्धा 100 ला नाही तर साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं, थर्मामीटर लावून दाखवाच, आपल्या गावाचं विज्ञान म्हटल्यावर मागच्या रांगेतले पण पुढं येतात.

गणपतीत हवा दमट, खानापूरकडं तर पाऊसच पाऊस, फुगा घासून केस उभे करायला गेलात तर ओलाव्यातून चार्ज निघून जातो नि काहीच होत नाही. ते 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ठेवा. पावसाळ्यात हळद घ्या. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, त्यावर साबणाच्या पाण्यानं लिहिलं की अक्षरं लाल, लिंबू पिळलं की परत पिवळी. करणी म्हणून असलेच लाल रंग दाखवून लोकांना घाबरवतात, तेव्हा हा प्रयोग एखाद्या आजीच्या हातानं करून घ्या, कुणाच्या श्रद्धेवर बोलायची गरजच पडत नाही. साबणाऐवजी पोरांच्या हातात चुना मात्र देऊ नका, डोळ्यात गेला तर फार वाईट.

निपाणी, चिकोडी, गोकाककडं समोर कन्नड बोलणारे पण असतात, नीरु (पाणी), गाळी (हवा), बेंकी (आग), याके (का) एवढे शब्द तरी तोंडात पाहिजेत, कन्नड येणारं एखादं पोरगं शेजारी उभं केलं तर आणखी चांगलं.

फेसाच्या प्रयोगाला हायड्रोजन पेरॉक्साइड 3 टक्क्यांचंच, 30 टक्केवालं कातडी भाजतं. लिक्विड नायट्रोजन उणे 196 डिग्रीचा असतो, कुणा जाणकाराकडं शिकल्याशिवाय हात लावू नका, बंद खोलीत तर नाहीच. बर्नरला वाऱ्याचा आडोसा, पहिल्या रांगेपासून चार हात अंतर, वाळूची बादली जवळ.

आणि पैशाचं आधीच बोला की. गाडीभाडं, साहित्य, मानधन वेगवेगळं सांगा, निम्मे ॲडव्हान्स घ्या, टेबल आणि कॉलरमाइक कार्यक्रम ठेवणाऱ्यांकडून मागा, कारण दोन्ही हात प्रयोगात असताना माइक धरणार कोण?